अडीच घरं

दिवाळीच्या आधी गावचं घर झाडायला काढलं आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचं बुद्धिबळ सापडलं. सावंतवाडीच्या चितारआळीतून घेतलेलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, लाल आणि हिरवी लाख, हत्तींच्या सोंडा झिजून बोथट झालेल्या, उंटांच्या माना मात्र अजून ताठ. सगळं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. ओसरीवर बसून मी मोजलं. एकतीस मोहरी आणि एक सुपारी.

सुपारी दिसल्यावर मी फडक्याची गाठ पुन्हा मारली असती. पण पुण्याहून आलेली भाची पाठीशी उभी होती. वय वर्षं ११, क्लासला जाते, मोबाईलवर रोज जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांना हरवते. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा या पोरीने बापाला रात्री पेढे आणायला पिटाळलं होतं. तिने फडक्याखालचा पट उलगडला आणि नाक मुरडलं.

"मामा, हा बोर्डच नाहीये."

पट म्हणजे आजीने शिवलेला मांजरपाटाचा चौकोन. लाल दोऱ्याने घातलेल्या उभ्या-आडव्या रेघा, बास. काळी-पांढरी घरं नाहीत. लहानपणी मलाही तो गरिबाचा पट वाटायचा. प्रत्यक्षात जुना पट असाच असे. घरं आलटूनपालटून रंगवण्याचा उद्योग युरोपने केला. आपल्याकडे एकरंगी पटावर रेघा मारत आणि काही ठरावीक घरांत फुल्या काढत. त्या फुल्यांचं बुद्धिबळात काडीचं काम नव्हतं, तरी शतकानुशतकं लोक त्या काढत राहिले. आठ बाय आठच्या या पटाचं नाव अष्टापद. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाच्या राज्याचं कौतुक करताना यावर एक मस्त कोटी केली आहे: 'अष्टापदानां चतुरङ्गकल्पना'. चतुरंगकल्पना म्हणजे चार अंगांच्या सेनेची मांडणी, आणि गुन्हेगाराचे दोन हात, दोन पाय छाटणं हीसुद्धा चतुरंगकल्पनाच. हर्षाच्या राज्यात ती फक्त पटावर होते, असं बाण म्हणतो. या खेळाच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि तो शिक्षेवरचा विनोद आहे.

"आणि हे उंट कशाला? बिशप कुठेयत?"

"तेच बिशप."

"कसं काय?"

हे सांगायला मला अख्खी सुट्टी पुरली नाही.

तो मुळात उंटही नव्हता, हत्ती होता. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. खेळ इराणात गेला, तिथून अरबांकडे. त्यांचा हत्ती म्हणजे 'फील' तिरकी दोन घरं उडी मारायचा, मधल्या घरात कोण आहे याची फिकीर न करता. ऐकायला भारी वाटतं. पण पटावर बोट ठेवून मोजून बघा, अशा उड्या मारत एका हत्तीला चौसष्टांपैकी आठच घरं गाठता येतात. उरलेली छप्पन्न त्याच्या नशिबातच नाहीत. भाचीने लगेच मोजून पाहिलं. ती ऐकून घेणाऱ्यातली नाही.

अरबी मोहरी बिनचेहऱ्याची असत, नुसते गोल खुंट. हत्ती ओळखायचा तो डोक्यावर काढलेल्या दोन टोकांवरून, म्हणजे सुळ्यांवरून. हे खुंट युरोपात पोचले तेव्हा ज्यांनी हत्ती जन्मात पाहिला नव्हता, त्यांना त्या दोन टोकांत दुसरंच काही दिसलं. इंग्रजांना बिशपची दुभंगलेली टोपी दिसली, फ्रेंचांना विदूषकाची. फ्रेंचमध्ये या मोहऱ्याला आजही 'फू' म्हणजे खुळा म्हणतात. स्पॅनिश माणूस 'आल्फिल' म्हणतो, म्हणजे रोज अरबीत हत्ती म्हणतो आणि त्याला पत्ता नसतो. रशियनांनी सरळ 'स्लोन', हत्तीच ठेवला. बंगाल्यांनीही 'गज' ठेवला. आपल्याकडे हत्ती उठून रथाच्या जागी कोपऱ्यात जाऊन बसला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर उंट आला.

कोपऱ्यातल्या मोहऱ्याची तर आणखीच मजा. बंगालीत ती नौका. रशियनमध्येही नाव. थाई भाषेतही नावच. म्हणजे एक बंगाली आणि एक रशियन समोरासमोर बसले, तर दोघांचे हत्ती तिरके पळतील आणि दोघांच्या कोपऱ्यांत होड्या असतील. शेजारी बसून बघणाऱ्या मराठी माणसाचा हत्ती तेवढा सरळ चालेल. (थायलंडचं निघालंच आहे म्हणून सांगतो: त्यांची प्यादी कवडीच्या आकाराची असतात, आणि बढती मिळाली की ती उपडी करून ठेवतात. आमच्या घरी दिवाळीत कवड्या अजून निघतात, त्यामुळे ही गोष्ट भाचीला सगळ्यात जास्त आवडली.)

वजिरावरून आमचं वाजलं.

"क्वीन आहे ती, मामा. वजीर काय?"

मराठी पटावर राणी नाही. वर्तमानपत्रांतल्या बुद्धिबळाच्या सदरांत अजूनही 'वजिराचा बळी' दिला जातो. राजाशेजारी मूळचा मंत्रीच. फारसीत फर्झीन, अरबीत फिर्झ. रशियन माणूस त्याला आजही 'फेर्झ' म्हणतो. युरोपात गेल्यावर त्याची बाई झाली. इसवी सन १००० च्या आसपास स्वित्झर्लंडमधल्या आइन्झीडेल्नच्या मठात लिहिलेल्या एका लॅटिन कवितेत राजाशेजारी 'रेजिना', म्हणजे राणी उभी आहे. पण नावाचीच. तिची चाल जुन्या मंत्र्याचीच राहिली: तिरकं, एकच घर. असा मंत्री पटाच्या निम्म्याच घरांत फिरू शकतो. म्हणजे किताब मिळाला आणि अधिकार यायला पावणेपाचशे वर्षं लागली. व्हॅलेन्सियात १४७५ च्या सुमारास तीन कवींनी मिळून केलेल्या एका कवितेत दोघं डाव खेळतात, तिसरा नियम सांगतो, आणि तिथे राणी पहिल्यांदा आजच्यासारखी चारी दिशांना सुसाट सुटलेली दिसते. १४९७ मध्ये सालामांकात लुसेनाने छापलेल्या पुस्तकात जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींचे डाव शेजारी शेजारी आहेत, म्हणजे तेव्हा लोकांचं अजून ठरायचं होतं. इटलीत या नव्या खेळाला चिडून की कौतुकाने कोण जाणे, 'पिसाळलेल्या बाईचं बुद्धिबळ' अशा अर्थाचं नाव पडलं.

आपल्याकडे बदल इतका उशिरा आला की जुनी चाल भाषेत तशीच अडकून राहिली. आजोबा गावातल्या एका नव्या पुढाऱ्याबद्दल म्हणायचे, "प्याद्याचा फर्जी झालो हा, आता तिरकोच चलतलो." मला वाटायचं, तिरका म्हणजे आपला वाकडा, माजोरडा. अर्थ तोच, पण तो पटावरून उचललेला. रहीमचा दोहा आहे, 'प्यादे सों फरजी भयो, टेढ़ो टेढ़ो जाय'. प्यादं सरळ चालतं. त्याचा फर्जी झाला की तिरकं चालू लागतं, कारण जुन्या फर्जीला तिरक्याशिवाय चालच नव्हती. आजचा वजीर सरळही जातो, त्यामुळे आजच्या पोराला हा दोहा पटावर मांडून दाखवला तर अर्धाच पटेल. रहीम अकबराच्या दरबारातला. म्हणजे व्हॅलेन्सियाची राणी पिसाळून शंभर वर्षं होत आली, तरी आपला फर्जी अजून एकेक घर तिरका सरकतच होता.

तसाच 'मात' शब्द. संकटावर मात केली, आजारावर मात केली, असं आपण रोज लिहितो आणि त्यामागे 'शाह मात' आहे हे विसरतो. शाह म्हणजे राजा. मात म्हणजे अरबी कानाला 'मेला', फारसी कानाला 'हतबल झाला'. दुसरा अर्थ मला जास्त पटतो, कारण या खेळात राजाला कुणीच मारत नाही. त्याला फक्त जागा उरत नाही. इंग्रजीतला 'चेक' याच शाहपासून निघाला, आणि फिरत फिरत तो बँकेच्या चेकपर्यंत पोचला.

भाचीला यातलं काही पटलं नाही. क्वीन म्हणजे क्वीन. मी तिला रोहिणी खाडिलकरांची हकीकत सांगितली. १९७६ मध्ये, १३ व्या वर्षी, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसल्या. त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निवाडा दिला की बाई म्हणून कुणाला अडवता येणार नाही. ऐकून ती म्हणाली, "मग? वजीर बायकाच असतात, सांगितलं ना." पुढे मी वाद घातला नाही.

आता सुपारीबद्दल.

आजोबा दुपारी जेवून उठले की ओसरीवर पट मांडायचे आणि मला बसवायचे. मी नऊ वर्षांचा. शाळेत नुकतंच मास्तरांकडून 'खरं' बुद्धिबळ शिकून आलेला: प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं, राजाचा किल्लेकोट होतो, म्हणजे तो एका खेळीत हत्तीच्या आड जाऊन बसतो. आजोबांचं प्यादं एकच घर जायचं. ठीक आहे, म्हातारा माणूस, हळू खेळतो. पण एका दुपारी मी त्यांचा राजा कोंडत आणला होता. दोन चालींत मात दिसत होती, आयुष्यातली पहिली. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून त्यांच्या चालीची वाट बघत होतो. त्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाहेर नेऊन ठेवला.

"आजोबा, ही लबाडी आहे!"

"लबाडी कसली? एकदा चलता रे झिला, शह बसूच्या आदी. राजा आसा तो, एक उडी मारूक नको काय?"

मी डाव उधळला. माझ्या हाताशी हिरवा घोडा आला, तो मी ओसरीवरून खाली, माडांच्या बुडाशी, पाटाच्या पाण्याच्या दिशेने भिरकावला. रात्री कंदील घेऊन शोधला. सापडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी पट मांडला, घोड्याच्या जागी पानदानातली एक सुपारी ठेवली आणि म्हणाले, "चल, तुझी खेळी." घोड्याचं काय झालं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. त्यानंतर आम्ही चार-पाच वर्षं खेळलो. दर डावात त्यांचा राजा एकदा उडायचा, आणि दर वेळी मी मनातल्या मनात म्हणायचो: लबाड.

ते वारले, मी नोकरीला लागलो, आणि चाळिशी उलटल्यावर एका रविवारी मीर सुलतान खानबद्दल वाचत बसलो होतो.

सुलतान खान पंजाबातल्या मिठा टिवाण्याचा. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी होता. बापाकडून देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकला आणि युरोपीय नियम विशीत जाऊन शिकला. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धेत नऊ डावांत आठ विजय, एक बरोबरी. १९२९ मध्ये सर उमर त्याला लंडनला घेऊन गेले आणि त्याच वर्षी, पोचल्यापासून काही महिन्यांत, तो ब्रिटिश विजेता झाला. पुन्हा १९३२ ला, पुन्हा १९३३ ला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. ज्याला हरवणं म्हणजे काय असतं हे त्या काळी युरोपातल्या मोजक्या माणसांना ठाऊक होतं. ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर हा पंजाबी माणूस बसायचा. १९३३ च्या अखेरीस धनी परत निघाले, हाही परत आला, आणि स्पर्धांतून नाहीसा झाला. जेमतेम पाच वर्षांचा सगळा खेळ. १९६६ मध्ये तो सरगोध्याला वारला. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये.

त्या लेखात, तो लहानपणी कोणत्या नियमांनी खेळायचा याचा एक परिच्छेद होता. प्यादं एकच घर चालतं. प्यादं पलीकडे पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं, तेच मोहरं होतं. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला, जोवर त्याला शह बसलेला नाही तोवर, एकदा घोड्याची उडी.

मी तो परिच्छेद परत वाचला. मग उठलो, चहा केला, आणि तो तसाच ओट्यावर विसरलो. आजोबांना जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

हे नियम गावठी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्याला जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर होता, इंग्लंडमधला नावाजलेला खेळाडू. त्याला महेशचंद्र बॅनर्जी नावाचा एक ब्राह्मण भेटला, देशी खेळात तयार झालेला. दोघं वर्षानुवर्षं खेळले. त्यांचे शेकडो डाव नोंदलेले आहेत. महेशचंद्र काळी मोहरी घेऊन बसला की प्यादं एकच घर पुढे करायचा आणि त्याच्यामागे उंटाला कोपऱ्यात दबा धरून बसवायचा. युरोपच्या लेखी पहिल्याच खेळीला मध्यावर दोन घरं उडी घेणं हाच शहाणपणा होता. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन या बचावांच्या नावांतला 'इंडियन' आला तो या माणसाच्या खेळण्यावरून. ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये खेळून स्वतःचं नाव लावलेला बचाव महेशचंद्राने १८५५ मध्ये कॉक्रेनसमोर खेळून ठेवला होता. भाचीच्या वहीत पहिल्या पानावर लाल शाईने 'किंग्ज इंडियन' लिहिलंय. तिला कुणी सांगितलं नव्हतं, की ज्यांच्या प्याद्यांना दोन घरं उडताच येत नव्हतं अशा लोकांच्या सवयीतून ते आलंय.

या सगळ्या उलथापालथीत एक मोहरं जवळपास जसंच्या तसं राहिलं. घोडा. फारसीत अस्प, अरबीत फरस, रशियनमध्ये कोन्, स्पॅनिशमध्ये काबायो, बहुतेक ठिकाणी घोडाच. इंग्रजांनी आणि फ्रेंचांनी मात्र त्याच्यावर बसणाऱ्याचं नाव दिलं. चाल बघावी तर बगदादमध्ये हीच, मद्रासमध्ये हीच, बँकॉकमध्ये हीच. पूर्वेला जरा नाडलाय त्याला: चीनमध्ये शेजारचं घर भरलेलं असलं की घोड्याचा पाय अडतो, त्याला उडता येत नाही, जपानमध्ये तो फक्त पुढे जातो. बाकी मंत्र्याची राणी झाली, हत्तीचा बिशप झाला, रथाची होडी झाली, आणि याची अडीच घरं ती अडीच घरं. लाकडाच्या कामातही हा हट्टी. अमृतसरला बुद्धिबळाचे संच बनतात, जगभर जातात. राजा, वजीर, प्यादी चरकावर फिरवून निघतात, पण घोडा चरकावर होत नाही. तो हातानेच कोरावा लागतो, आणि चांगल्या संचाची किंमत बरीचशी चार घोड्यांची असते. सावंतवाडीच्या त्या कारागिराने आमच्या घोड्यांना आयाळ कोरली होती. उरलेल्या तिघांच्या मानेवर बोट फिरवलं की अजून लागते.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. अवेळी, कापणीवर आलेल्या भाताची वाट लावणारा. वीज गेली, भाचीचा मोबाईल मेला. तेव्हा मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आडव्या आठ, उभ्या चार, अशी बत्तीस घरं आखली आणि तिला अक्षरं भरायला लावली.

से ना ली ली ली ना ना ली
ली ना ना ना ना ली ली ली
ना ली ना ली ले ना ली ना
ली ली ली ना ना ना ना ली

"हे काय आहे? रडणं?"

नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने 'काव्यालंकार' लिहिला, त्यातला हा श्लोक. सेनेची स्तुती आहे म्हणतात. अर्थ ओढून ताणूनच लागतो. पण अर्थासाठी तो नाहीच. मी उरलेल्या तीन घोड्यांपैकी एक 'से'वर ठेवला. आता घोड्याच्या चालीने चालायचं, प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवायचा, आणि पडेल ते अक्षर वाचायचं. से. तिथून दुसऱ्या ओळीतलं तिसरं घर: ना. पहिल्या ओळीतलं पाचवं: ली. दुसऱ्यातलं सातवं: ली. थेट खाली, चौथ्या ओळीचं टोक: ली. तिसऱ्यातलं सहावं: ना. चौथ्यातलं चौथं: ना. तिसऱ्यातलं दुसरं: ली.

"से ना ली ली ली ना ना ली," ती म्हणाली. मग कागदाकडे बघितलं. "पहिली ओळच आली की."

"पुढे जा."

पुढची वाट मी वहीत उतरवून ठेवली होती, ती तिच्या हातात दिली. ती एकेक घर बोटाने मोजत चालली. दुसरी ओळ आली. तिसऱ्या ओळीत मी श्वास धरला, कारण पूर्ण श्लोकात 'ले' एकदाच येतो, एकविसाव्या जागी. आणि घोडा, सगळा पट उलटासुलटा फिरून, एकविसाव्या घरात पाय ठेवतो ते नेमकं त्या 'ले'वर. तिने घोडा तिथे ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बाहेर पन्हळीचं पाणी धो धो पडत होतं. बत्तीसाव्या घरापर्यंत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. सरळ वाचा किंवा घोड्यावर बसून वाचा, श्लोक तोच.

या रचनेला तुरगपद म्हणतात. चार-पाचशे वर्षांनी श्रीरंगमला वेदान्त देशिकांनी 'पादुकासहस्र' लिहिलं, त्यात याच्यावर कडी केली: एक श्लोक बत्तीस घरांत भरायचा, याच वाटेने घोडा फिरवायचा, की त्यातून दुसराच श्लोक निघतो. मी कागदावर करून पाहिलंय. वाट अगदी रुद्रटाचीच आहे. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यातल्या नीतिमयूखात बुद्धिबळावर लिहिताना घोडा अख्ख्या पटावर फिरवण्याच्या वाटा श्लोकात बांधून ठेवल्या. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट म्हणजे नीलकंठांचे चुलत पुतणे. युरोपात ऑयलरने याच कोड्यावर गणिती निबंध मांडला तो १७५९ मध्ये. चौसष्ट घरं फिरून, निघालेल्या घरापासून एका उडीवर येऊन थांबणाऱ्या वाटा किती, हे मोजायला पुढे संगणक लागला: १३ लाख २६ हजार ७३६ कोटींच्या वर.

खरं सांगायचं तर हा आकडा मला फारसा भिडत नाही. पटाच्या दर घरात दुप्पट होत जाणाऱ्या गव्हाच्या दाण्यांचाही भिडत नाही; ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला नवल वाटतं ते रुद्रटाचं. त्याच्याकडे पट होता, घोडा होता, आणि समोर कसलाही उपयोग नव्हता. तरी तो बसून अक्षरं जुळवत राहिला.

संध्याकाळी वीज आली. मोबाईल चार्जिंगला लागला, तरी भाचीने पट उचलला नाही. "आजोबांच्या रूल्सने खेळू," म्हणाली. तिचे ते पणजोबा, पण ती आजोबाच म्हणते. आम्ही सगळे म्हणतो म्हणून. नियम मी परत सांगितले. हिरवी मोहरी मी मागून घेतली, सुपारीसकट. पहिल्या वीस-पंचवीस खेळ्या दोघंही चाचपडत होतो. एकेक घर सरकणारी प्यादी, डाव उघडतच नाही. तिची बोटं सारखी प्याद्याला दोन घरं न्यायला उचलायची आणि मागे घ्यायची. मग हळूहळू मला एक फट दिसली. तिचा राजा हत्तीच्या आड बसलेला, पुढे स्वतःच्याच प्याद्यांची भिंत. माझी सुपारी दोन उड्यांवर होती. पहिली उडी मारली. पुढच्या उडीला शह, आणि शहाला पळायला घर नाही. घोड्याच्या शहात आड काही घालताही येत नाही. मी तांब्या उचलला.

ती बराच वेळ पटावर ओणवी होऊन बसली होती. मग तिने राजा उचलला, प्याद्यांच्या भिंतीवरून अडीच घरं पलीकडे नेला आणि ठेवला.

मी बघतच राहिलो.

"शह बसूच्या आदी चलता," ती तिच्या पुणेरी मालवणीत म्हणाली. "तुझी खेळी, मामा."